टाउन हॉलसमोरची गव्हाणी आणि आपली पणती



डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की तुमच्या गावातल्या टाउन हॉलसमोर काय काय उभं राहतं, ते एकदा गाडीचा वेग कमी करून नीट पाहा. कुठे नुसतं दिव्यांनी सजवलेलं झाड असतं. कुठे झाडाशेजारी ज्यूंच्या हनुक्काचा मेनोरा असतो. कुठे मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि गवतावर ठेवलेला बाळ येशू, म्हणजे ज्याला आपल्याकडे गव्हाणी म्हणतात आणि वसईकर ज्याला प्रेमाने नाताळचा गोठा म्हणतात, तो असतो. आणि कुठे यातलं काहीच नसतं, फक्त सांताक्लॉज आणि कापसाचा बर्फ असतो.

मागच्या सीटवरून एखादा प्रश्न येतो. ‘आई, इथे आपला गणपती का नाही ठेवत?’ आपण ‘अरे, हा त्यांचा सण आहे’ असं काहीतरी सांगतो आणि सिग्नल हिरवा होतो. पण प्रश्न अगदी योग्य आहे. सरकारी जागेवर धार्मिक देखावा कोण ठेवू शकतो, कोण नाही, आणि ते कोण ठरवतं, यावर या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेली चाळीस वर्षं भांडणं झाली आहेत. आजच्या भागात त्या भांडणांचा इतिहास पाहू. कारण त्यात आपलाही संबंध आहे.

सुरुवात थोडी मागून करू. नाताळ म्हणजे अमेरिकेचा पहिल्यापासूनचा सार्वजनिक सण, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या कडव्या प्युरिटन मंडळींनी १६५९ साली नाताळ साजरा करण्यावर बंदी घातली होती. त्या दिवशी काम बंद ठेवलं किंवा मेजवानी केली तर पाच शिलिंग दंड. बायबलमध्ये हा सण सांगितलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. ही बंदी १६८१ मध्ये उठली. वॉशिंग्टनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांना नाताळची सुट्टी देणारा केंद्राचा कायदा झाला तो थेट १८७० मध्ये. म्हणजे इथेही सरकारने धर्माच्या बाबतीत आधी दंड केला, मग डोळेझाक केली आणि मग सुट्टी दिली.

दरम्यान १५ डिसेंबर १७९१ रोजी संविधानाची पहिली घटनादुरुस्ती लागू झाली. योगायोगाने तीही डिसेंबरातली. तिच्यात धर्माविषयी दोन गोष्टी आहेत. सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करायचा नाही, आणि कोणालाही आपला धर्म पाळण्यापासून अडवायचं नाही. त्याच वाक्यात पुढे भाषणस्वातंत्र्य आहे. सुरुवातीला ही बंधनं फक्त केंद्र सरकारवर होती. धर्म प्रस्थापित न करण्याचं बंधन राज्यांना आणि म्हणून तुमच्या-आमच्या गावांच्या टाउन हॉललाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये सांगितलं. त्यानंतरच टाउन हॉलसमोरची गव्हाणी हा कोर्टाचा विषय होऊ शकला.

आता चला ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट या गिरणीगावात. कापूसगिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. गिरणगावात वाढलेल्या मुंबईकराला ओळखीचं वाटेल असं. तिथे बाजारपेठेच्या मध्यावर एका ना-नफा संस्थेचं उद्यान होतं. दर नाताळात नगरपालिका व्यापाऱ्यांच्या मदतीने तिथे देखावा करायची. सांताचं घर, त्याची गाडी ओढणारे रेनडिअर, नाताळचं झाड, गाणी म्हणणाऱ्यांच्या आकृत्या, विदूषक, हत्ती, अस्वल, शेकडो रंगीत दिवे, शुभेच्छांचा मोठा फलक, आणि या सगळ्यात गव्हाणी. गव्हाणी चाळीस वर्षांहून अधिक काळ ठेवली जात होती. नगरपालिकेने १९७३ मध्ये विकत घेतलेल्या संचाची किंमत होती १,३६५ डॉलर, आणि दरवर्षी ती मांडायला आणि उचलायला खर्च यायचा सुमारे वीस डॉलर.

वीस डॉलरवरून खटला? काही रहिवाशांनी आणि नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेच्या स्थानिक शाखेने तो भरला. त्यांचा मुद्दा पैशाचा नव्हता. नगरपालिका सगळ्यांची. मग तिने एका धर्माच्या देवाचा जन्म आपल्या नावाने का मांडावा, हा त्यांचा प्रश्न होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं. पण ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल फिरवला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं त्याचा आशय असा की सणाच्या एकूण देखाव्यात गव्हाणी ही त्या सणाचा ऐतिहासिक उगम सांगते. तिच्यामुळे सरकारने धर्म प्रस्थापित केला, असं होत नाही.

या निकालातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांची. त्या निकालाच्या बाजूने होत्या, पण त्यांनी वेगळं मत लिहिलं. सरकार जेव्हा एखाद्या धर्माला आपली पसंती दाखवतं, तेव्हा तो न मानणाऱ्यांना संदेश जातो की तुम्ही बाहेरचे आहात, या समाजाचे पूर्ण सभासद नाही. आणि मानणाऱ्यांना संदेश जातो की तुम्ही आतले, लाडके. पॉटकेटमध्ये तसं झालेलं नाही, असं त्यांना वाटलं. पण कसोटी त्यांनी दिली ती ही. मंडळी, या देशात आपण कितीही वर्षं राहिलो, घर घेतलं, मुलं इथली झाली, तरी ‘बाहेरचे’ हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. म्हणून ही कसोटी नीट कळते.

दुसरी गोष्ट न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांची. ते विरोधी मताचे होते. त्यांचं म्हणणं, गव्हाणी जिंकली खरी, पण ती कशी जिंकली पाहा. ती धार्मिक आहे म्हणून नाही, तर हत्ती, अस्वल आणि रंगीत दिव्यांच्या गर्दीत तिचं धार्मिकपण पुसट झालं म्हणून. बाजारपेठेत गिऱ्हाईक खेचणारी एक सजावट होऊन ती उरली. आपल्या श्रोत्यांत वसईची कुटुंबं आहेत. घरचा गोठा भक्तिभावाने मांडणाऱ्या माणसाला विचारा, हा विजय त्याला किती गोड लागतो.

पाच वर्षांनी पिट्सबर्गचा खटला आला. तिथे दोन देखावे होते. काउंटीच्या न्यायालयाच्या इमारतीत, मुख्य जिन्यावर, एका कॅथलिक संघटनेने दिलेली गव्हाणी ठेवली होती. सोबत सांता नाही, रेनडिअर नाही. वर देवदूताच्या हातात लॅटिनमध्ये देवाच्या गौरवाचा फलक. थोड्या अंतरावर शहराच्या इमारतीबाहेर ४५ फुटांचं नाताळचं झाड, त्याशेजारी १८ फुटांचा मेनोरा आणि स्वातंत्र्याला वंदन करणारा महापौरांच्या नावाचा फलक. ३ जुलै १९८९ रोजी निकाल लागला. जिन्यावरची गव्हाणी पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरली. मेनोरा मात्र सहा विरुद्ध तीन मतांनी राहिला, कारण झाड आणि फलकासह पाहिला तर तो हिवाळी सणांचा एकत्र सोहळा वाटतो.

वकिलांनी थट्टेने याला प्लॅस्टिकच्या रेनडिअरचा नियम म्हटलं. गव्हाणीशेजारी पुरेसे रेनडिअर ठेवा म्हणजे घटना वाचली! थट्टेत तथ्य होतं. गावोगावचे कारकून देखाव्यातल्या आकृत्या मोजू लागले. आणि मेनोरा टिकला तोही आपलं धार्मिक तेज थोडं उतरवून. हनुक्काचे दिवे घरच्या खिडकीत लावणाऱ्या आपल्या बेने इस्रायल बांधवांना हा निकाल कसा वाटत असेल, याचाही विचार करून पाहा.

इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टी सरकारच्या आवाजाबद्दलच्या आहेत. देखावा नगरपालिकेचा, किंवा नगरपालिकेने आपलासा केलेला. पण दुसरा एक रस्ता आहे. सरकारची जागा, पण आवाज नागरिकाचा.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्कार्सडेलमध्ये एक खाजगी समिती १९५७ पासून गावच्या छोट्या चौकात स्वखर्चाने गव्हाणी ठेवत असे. पुढे गावाने परवानगी नाकारली. समिती कोर्टात गेली आणि म्हणाली, हा चौक इतरांना खुला आहे, मग आमचं बोलणं धार्मिक आहे एवढ्यावरून आम्हाला बंद का? अपील न्यायालयाने समितीचं म्हणणं मान्य केलं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली आणि तो निकाल कायम राहिला. हा गव्हाणीचा विजय रेनडिअरच्या आधाराने नव्हता. तो भाषणस्वातंत्र्याच्या आधाराने होता. गव्हाणी गव्हाणी म्हणूनच उभी राहिली.

मग १९९३ मध्ये ओहायो राज्याची राजधानी कोलंबसमध्ये या तत्त्वाची खरी परीक्षा झाली. विधानभवनासमोरचं दहा एकरांचं मैदान सगळ्यांना सभा-निदर्शनांसाठी खुलं होतं. त्या डिसेंबरात तिथे झाडाला आणि मेनोराला परवानगी मिळाली. तिसरा अर्ज आला कू क्लक्स क्लॅनचा. त्यांना तिथे क्रूस उभारायचा होता. ज्यांचा इतिहास काळ्या अमेरिकनांना, ज्यूंना आणि परदेशांतून आलेल्यांना दहशतीत ठेवण्याचा, ती संघटना. मैदानाच्या मंडळाने नकार दिला आणि कारण दिलं धर्म आणि सरकार वेगळे ठेवण्याचं. न्यायालयाने १९९५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की हे कारण चालणार नाही. जागा सगळ्यांना खुली असेल, अर्जाच्या अटी सगळ्यांना सारख्या असतील, तर खाजगी माणसाचं धार्मिक बोलणं हे सरकारचं बोलणं ठरत नाही.

वाचून अंगावर काटा येतो, नाही? पण पुढचं ऐका. खालच्या न्यायालयाच्या आदेशानंतर क्लॅनचा क्रूस उभा राहिला, आणि लगेच त्याच मैदानावर आणखी क्रूस उभारण्यासाठी इतरांचे अर्ज आले. मंडळाने तेही मंजूर केले. मैदान एकट्या क्लॅनचं राहिलं नाही.

खुल्या मैदानाची किंमत ही अशी असते. फ्लोरिडाच्या राजधानीत, टॅलाहासीच्या विधानभवनात, २०१३ च्या डिसेंबरात एका खाजगी गटाने गव्हाणी ठेवली. त्यावर उत्तर म्हणून एका नास्तिक गृहस्थाने तिथेच बियरच्या रिकाम्या डब्यांचा खांब उभा केला. विनोदी मालिकेतल्या एका खोट्या सणाचा तो खांब. सरकारला तोही ठेवू द्यावा लागला.

कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराने वेगळा मार्ग घेतला. तिथे समुद्रकाठच्या पॅलिसेड्स पार्कमध्ये १९५३ पासून चर्चची मंडळी येशूजन्माचे माणसाएवढे मोठे चौदा देखावे एका ओळीत मांडायची. मग नास्तिकांनीही जागा मागितल्या. अर्ज वाढले म्हणून शहराने सोडत काढली आणि २०११ साली २१ पैकी १८ जागा नास्तिकांकडे गेल्या. पुढच्या वर्षी शहराने उद्यानात राखण नसलेले सगळेच खाजगी देखावे बंद केले. चर्चची मंडळी कोर्टात गेली, पण २०१५ मध्ये अपील न्यायालयाने शहराची बाजू घेतली. सगळ्यांना सारखा नियम लावून मैदानच बंद केलं, तर त्यात धर्मभेद नाही. साठ वर्षांची प्रथा अशी संपली. दोन्ही बाजू हक्काने बोलत होत्या, आणि शेवटी दोघांनाही बोलायला ती जागा उरली नाही.

२०२२ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचं आहे. बॉस्टनच्या सिटी हॉलसमोर तीन ध्वजस्तंभ आहेत. तिसऱ्यावर शहर खाजगी गटांना त्यांच्या कार्यक्रमापुरता आपला झेंडा लावू देत असे. २००५ ते २०१७ या काळात असे २८४ कार्यक्रम झाले, सुमारे पन्नास वेगवेगळे झेंडे फडकले आणि एकालाही नकार मिळाला नाही. मग एका ख्रिस्ती गटाने आपला झेंडा मागितला, आणि पहिला नकार आला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, नऊ विरुद्ध शून्य, सांगितलं की शहराने या झेंड्यांवर कधी आपला शब्द म्हणून नियंत्रण ठेवलंच नव्हतं. मग तो शहराचा आवाज नाही, नागरिकांचा आहे, आणि धार्मिक म्हणून त्यातला एकच गाळता येणार नाही. उलट बाजूही न्यायालयाने २००९ मध्ये युटातल्या एका खटल्यात सांगून ठेवली होती. उद्यानातलं कायमचं स्मारक हा सरकारचा आवाज असतो. एका गटाचं स्मारक ठेवलं म्हणून दुसऱ्याचं ठेवलंच पाहिजे, असं नाही.

त्याच २०२२ च्या जूनमध्ये एका शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या प्रार्थनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओकॉनर यांची ती ‘बाहेरचे आणि आतले’ कसोटी सोडून दिली. आता न्यायाधीश विचारतात, देशाच्या इतिहासात आणि परंपरेत हे बसतं का? आपल्यासाठी ही बाब साधी नाही. नाताळला इथे परंपरा आहे. दिवाळीची परंपरा इथे किती जुनी? व्हाइट हाउसमध्ये दिवाळी पहिल्यांदा साजरी झाली २००३ मध्ये. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः तिथे दिवा लावला तो २००९ मध्ये. दिवाळीचं टपाल तिकीट आलं २०१६ मध्ये. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी देणाऱ्या कायद्यावर सही झाली २०२३ मध्ये. परंपरा हीच कसोटी असेल, तर नव्याने आलेल्याला रांगेत मागेच उभं राहावं लागतं. समान वागणुकीचा नियम मात्र तुम्ही कधी आलात, हे विचारत नाही.

आता त्या टपाल तिकिटाकडे जरा नीट पाहा. त्यावर काय आहे? पणती. लक्ष्मी नाही. ही तक्रार नाही. सरकार स्वतः बोलतं तेव्हा ते असंच बोलतं. पॉटकेटच्या फलकावरही येशूचं नाव नव्हतं, सणाच्या शुभेच्छा होत्या. सरकारच्या तोंडी सण गेला की त्यातला देव मागे सरतो आणि दिवे पुढे येतात. तेवढं तुम्हाला पुरत असेल, तर टाउन हॉलला आनंदाने विनंती करा की दिवाळीला चार पणत्या लावा. आणि मग तिथल्या सजवलेल्या झाडाबद्दलही मोठ्या मनाने वागा.

पण तुमच्या मंडळाला गणपतीची मूर्ती, आरतीसह, त्याच्या पूर्ण अर्थासह सार्वजनिक जागी आणायची असेल, तर दुसराच रस्ता बरा. आपल्या नावाने, आपल्या खर्चाने. महाराष्ट्रात १८९३ पासून टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सव चौकात आला, तो सरकारने मांडला म्हणून नाही. लोकांनी मांडला. त्यासाठी टाउन क्लार्कच्या कचेरीत जाऊन तीन प्रश्न विचारा. पहिला, या जागेवर खाजगी गटांना देखावा ठेवू देता का, की जे आहे ते सगळं गावाचंच? दुसरा, लेखी नियम आहेत का? आकार, दिवस, विमा, देखावा कोणाचा हे सांगणारी पाटी, असं सगळं त्यात असतं. तिसरा, आतापर्यंत कोणाकोणाला परवानगी दिली? जागा इतरांना खुली असेल, तर केवळ धार्मिक आहे म्हणून तुम्हाला नाही म्हणता येत नाही. सगळंच गावाचं असेल, तर विनंती करता येते, हक्क सांगता येत नाही. आणि हेही लक्षात असू द्या की ही घटनादुरुस्ती सरकारला बांधते. तुमच्या सोसायटीचे नियम किंवा मॉलच्या मालकाची मर्जी, हा साधारणपणे वेगळा विषय आहे.

अर्ज करण्यापूर्वी मात्र घरात आणि मंडळात एक चर्चा करा. उद्या आपल्या गणपतीशेजारी कोणी आपल्याला न रुचणारी पाटी लावली, देवच नाही असं लिहिलं, किंवा आपल्याच देवाची थट्टा केली, तर आपण काय करणार? ‘ती काढा’ म्हणून टाउन हॉलवर जाणार असू, तर आपण खुलं मैदान मागत नव्हतो, आपण पसंती मागत होतो. आणि पसंती मोजायची झाली की संख्येने कमी असलेला माणूस हरतो. इथे कमी आपण आहोत. हेच नियम तिकडे महाराष्ट्रात, जिथे आपण संख्येने जास्त आहोत, तिथल्या वसईच्या गोठ्याला किंवा मोहल्ल्यातल्या मिरवणुकीला लावले तर आपल्याला चालतील का, हाही प्रश्न त्याच चर्चेत येऊ द्या. तिथे तो टाळून इथे विचारता येणार नाही.

तर मागच्या सीटवरच्या प्रश्नाला आता थोडं मोठं उत्तर देता येईल. ‘हा देखावा गावाने ठेवलाय की कोणा माणसांनी, ते आपण आधी पाहू. गावाने ठेवला असेल तर गावाला विचारू की तुमच्या गावात आम्ही पण येतो ना? आणि माणसांनी ठेवला असेल, तर पुढच्या वर्षी आपणही अर्ज करू.’

या रविवारी मुलांना घेऊन टाउन हॉलपर्यंत एक चक्कर मारा. गव्हाणी असेल तर थांबा, बाळ येशूला पाहा, देखावा कोणाचा आहे ती पाटी मुलांना वाचायला लावा. घरी येऊन त्यावर बोला. आणि तुमच्या गावात काय दिसलं, ते आम्हालाही जरूर कळवा.

सर्वांना नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. पुन्हा भेटू, पुढच्या भागात. नमस्कार.